आठ महिन्यांनी परतलेला चौथा गडी

ही खोली आहे फोंड्यातील एका जुन्या घराच्या माडीवरची. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतो आहे, वीज संध्याकाळपासून दोनदा जाऊन आली आहे, आणि संगणकांपुढे बसलेले तीन मित्र आपल्या चौथ्या मित्राला खेळात कसे सामावून घ्यावे या विवंचनेत आहेत. हा चौथा मित्र तारवटी आहे, म्हणजे गोव्यातील कितीतरी घरांतल्या पुरुषांप्रमाणे बोटीवर नोकरी करणारा. आठ महिन्यांचा करार पुरा करून तो गेल्या आठवड्यात घरी आला. निघताना त्याचे पात्र खेळातील सर्वोच्च पातळीवर होते. मधल्या काळात त्या खेळाचा नवा विस्तार बाजारात आला, कमाल पातळी दहाने वाढली, आणि जी तलवार मिळवण्यासाठी चौघांनी कित्येक रात्री घालवल्या होत्या, तिच्याहून सरस तलवार आता नव्या प्रदेशातील पहिल्याच गावचा एक शेतकरी चार रानडुकरे मारून दिल्याबद्दल बक्षीस देतो. ज्या गुहेत आम्ही तिघे जातो, तिचे दार त्याच्यासाठी उघडत नाही. होय, त्या तिघांपैकी एक मी.

पात्राची पातळी ही कल्पना संगणकाहून जुनी नसली, तरी घरोघरच्या संगणकाहून जुनी आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदावरच्या खेळात ती होती, आणि १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी घडवलेल्या ‘मड’ या अनेकांनी एकत्र खेळायच्या खेळातही गुण साठवत वर चढायची शिडी होती. शिडीला वरची पायरी असतेच. तिलाच आज लेव्हल कॅप म्हणतात. प्रश्न पायरीचा नाही. ती पायरी दर दोन वर्षांनी उचलून आणखी वर का नेली जाते, हा आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा हिशेब पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा कमाल पातळी ६० होती. पुढे एकेका विस्तारासोबत ती ७०, ८०, ८५, ९०, १००, ११० अशी चढत २०१८ साली १२० वर पोहोचली. जून २००६ मध्ये या खेळात ‘नॅक्सरामस’ ही चाळीस जणांनी मिळून लढायची रेड आली, जी पार करणारे गट फारच थोडे होते. आणि सातच महिन्यांनी, जानेवारी २००७ मध्ये, कमाल पातळी ७० झाली. नव्या प्रदेशातील साध्या कामगिरीबद्दल मिळणाऱ्या हिरव्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या वस्तूंनी जुन्या रेडमधील अनेक जांभळ्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या वस्तूंना मागे टाकले. कालांतराने आकडे इतके फुगले, की २०१४ साली पात्रांचे आयुष्य आणि हत्यारांची ताकद सरसकट खाली आणावी लागली, आणि २०२० साली पातळ्याच दाबून १२० च्या ५० करण्यात आल्या. त्यानंतरच्या विस्तारात कमाल पातळी पुन्हा ६०. सोळा वर्षे चढून खेळ जिथून निघाला त्याच आकड्यावर आला.

याला केवळ कंपन्यांचा लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. कॅप वाढली की सगळे पुन्हा एका रेषेवर येतात, नवख्याला जुन्यांना गाठण्याची संधी मिळते, आणि रिकामे झालेले प्रदेश काही महिने गजबजतात. पण २०१४ मध्ये याच खेळाने पात्र थेट ९० व्या पातळीवर नेऊन ठेवण्याची सोय अमेरिकेत साठ डॉलरला विकायला काढली. मधला प्रवास टाळण्यासाठी लोक पैसे मोजायला तयार असतील, तर तो प्रवास नेमका कोणासाठी बांधला आहे, हे विचारायला हवे.

दुसरी वाट फार पूर्वीच दाखवली गेली होती. २००५ च्या ‘गिल्ड वॉर्स’ने कमाल पातळी २० ठेवली आणि पुढचे भाग आले तरी ती हलवली नाही. तिथे खेळाडू शेकडो कौशल्ये गोळा करी, पण लढाईत एका वेळी फक्त आठच नेता येत. त्यामुळे कस लागे तो निवडीत. २०१२ च्या ‘गिल्ड वॉर्स २’ने ८० ही मर्यादा आजतागायत पाळली आहे, आणि २०१५ च्या विस्तारात ताकदीऐवजी हवेत तरंगत जाण्याची विद्या दिली. तरीही मोह सुटला नाही. खेळ सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच ‘असेंडेड’ नावाचे अधिक बळकट गिअर, म्हणजे पात्राची आयुधे-आभूषणे, आणले गेले आणि ताकदीची अशी शर्यत नसेल या वचनाचा भंग झाल्याची ओरड खेळाडूंनी केली. ओरड रास्त होती. पण ‘आता मिळवायचे काय?’ असे विचारणारेही खेळाडूच होते, हे विसरता येत नाही.

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने ऑक्टोबर २०१६ मध्ये सगळे जगच खेळाडूच्या पातळीशी जुळवून घेतले, त्यामुळे नवखा आणि मुरलेला यांना कुठेही एकत्र फिरता येऊ लागले. तिथे लांडगा मात्र कायम लांडगाच राहतो; वर्षभर खेळूनही तो आपल्याला बिचकत नाही, याची खंत अनेकांना वाटते. ‘फायनल फँटसी १४’चा उपाय मला अधिक पटतो. तिथे जुन्या गुहेत शिरताना मुरलेल्या पात्राची ताकद तेवढ्यापुरती खाली येते आणि बाहेर पडताच परत मिळते. वडीलधाऱ्याने धाकट्याबरोबर चालताना पावले आखूड करावीत तसे हे आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये तर २००३ पासून कौशल्ये घड्याळाच्या काट्यावर वाढतात, खेळाडू जोडलेला असो वा नसो. आमच्या तारवट्याने हा खेळ निवडला असता, तर महासागरावर असतानाही त्याचे पात्र शिकत राहिले असते.

बोटीवर तो खेळे ते मोबाइलवर, बंदराला लागल्यानंतर: ‘बीजीएमआय’, म्हणजे शेवटपर्यंत तगून राहायचा लढाईचा खेळ. तिथे प्रत्येक सामन्यात सगळे रिकाम्या हातांनी उतरतात, तिसऱ्या लेव्हलचे, म्हणजे सर्वांत भक्कम हेल्मेट सापडले तर सापडले, आणि अर्ध्या तासात सारे संपते. आठ महिन्यांचा खंड तिथे फक्त अंगठ्यांना जाणवतो.

येत्या चवथीला आरतीच्या वेळी तो नेहमीप्रमाणे घुमट हे मातीचे तालवाद्य घेऊन उभा राहील. हात थोडा जड झालेला असेल, पहिल्या दोन आरत्यांना ताल किंचित मागे पडेल, आणि जोडीला शामेळ हे चर्मवाद्य वाजवणारा त्याच्याकडे बघून हसेल. दारातून आत यायला त्याला कोणी अडवणार नाही.

खेळात मात्र आम्हांला पळवाट काढावी लागली. तिघांनी आपली कमाल पातळीची पात्रे बाजूला ठेवली आणि चौघांनी पहिल्या पातळीवरून नवी पात्रे सुरू केली. आज ती तेविसाव्या पातळीवर आहेत. चवथीनंतर तो पुन्हा बोटीवर जाईल. तोवर जिथे पोहोचू, तिथल्या धर्मशाळेत चारही पात्रे थांबतील, आणि तो परत येईपर्यंत आम्ही तिघे त्यांना हात लावणार नाही, असे ठरले आहे.