रॅलीची गाडी दोघं चालवतात

नमस्कार मंडळी. विषय ठरलाय अरुंद रस्त्यावर रॅलीची गाडी वेगात कशी हाकतात, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, गाडी घसरवणं सगळं आलं, त्यावर येतोच, पण आधी कित्येक वर्षं मनात साठलेलं एक सांगू दे. ही गाडी एकटा माणूस चालवतच नाही.

वॉल्टर रोर्ल कोणाकोणाला माहितीये? बघा, किती हात वर आले! १९८०, ८२, ८३ आणि ८४, चार वेळा मोंटे कार्लो रॅली जिंकली, चारही वेळा वेगळ्या कंपनीची गाडी. आता चारही वेळा त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते सांगा. क्रिस्टियन गाइस्टड्योर्फर. एकही हात नाही. हेच माझं दुखणं आहे.

शेजारी बसून काय करतात हे बघायचं तर १९५५ ची मिल्ले मिलिया घ्या. ही रॅली नाही, इटलीतली रोड रेस, ब्रेशियाहून रोम आणि परत, जवळपास १६०० किलोमीटर, साध्या रस्त्यांवरून, गावांच्या मधून. स्टर्लिंग मॉस मर्सिडीज चालवतोय आणि शेजारी डेनिस जेंकिन्सन, हा मूळचा पत्रकार, दाढीवाला, अंगानं लहानसा. दोघांनी आधी रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला आणि जेंकिन्सननं प्रत्येक धोक्याचं वळण, चढाचा माथा, खड्डा, रेल्वे फाटक असं सगळं कागदाच्या एका लांबलचक पट्टीवर उतरवलं. ती पट्टी ॲल्युमिनियमच्या डबीत गुंडाळलेली, वर पारदर्शक खिडकी, रस्ता सरकेल तशी हातानं फिरवायची. उघड्या गाडीत आवाज एवढा की बोलून उपयोग नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. वाटेत जेंकिन्सन ओकायला बाहेर वाकला तर वाऱ्यानं त्याचा चष्माच उडाला! नशीब जादाचा चष्मा जवळ होता, नाहीतर पट्टी वाचणार कोण? आणि मग तो चढ. पलीकडे रस्ता सरळ जातो की वळतो ते मॉसला दिसत नाही, जेंकिन्सननं खूण केली, सोडू नकोस, आणि मॉसनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही, गाडी चारही चाकांसकट हवेत. शर्यत संपली ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत, सरासरी ताशी सुमारे १५७ किलोमीटर. न दिसणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्याच्या हाताच्या खुणेवर पाय दाबून ठेवणं, माझ्या मते सगळं कौशल्य इथं आहे.

मी स्वतः एका छोट्या रॅलीत नेव्हिगेटर होतो, म्हणजे शेजारी बसून वहीतली वळणं वाचून सांगणारा. घामानं वहीची दोन पानं एकत्र उलटली आणि मी "राइट फोर" म्हणालो, समोर होतं लेफ्ट टू, म्हणजे डावं आणि त्याहून बरंच हळू घ्यायचं वळण. पण माझ्या आवाजात एक क्षण गोंधळ आला तो ड्रायव्हरनं पकडला आणि आधीच ब्रेक मारला, म्हणून आम्ही रस्त्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर निकाल लागला, त्यात नाव त्याचं एकट्याचं. अजून खुपतं ते.

बरं, चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं आहेत, तर आता भराभर. वहीतल्या या नोट्समध्ये बहुतेक जण वळणाला १ ते ६ आकडा देतात, १ म्हणजे एकदम हळू. आकडा वळणाच्या आधी कानावर पडला पाहिजे, वळणात पोचल्यावर काही उपयोग नाही. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात, गाडी वळायला तयार होते. डाव्या पायानं ब्रेक मारायचा तो याचसाठी, उजवा ॲक्सिलरेटरवरच राहतो. स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणजे वळण उजवीकडे असेल तर आधी डावीकडे झटका द्यायचा, मग उजवीकडे, वजनाचा झोका गाडीला फिरवतो. अरुंद रस्त्यावर हे जपून, मागची बाजू भिंतीला लागायला किती वेळ लागतो!

आणि तुरिनी घाट राहिलाच की! मोंटे कार्लो रॅलीच्या वाटेवरचा हा डोंगरातला घाट, तिथं कित्येकदा खाली कोरडा डांबरी रस्ता आणि वर १६०० मीटरवर बर्फ, शिवाय प्रेक्षकच कधीकधी रस्त्यावर बर्फ फेकतात. म्हणून स्टेजच्या, म्हणजे वेळ मोजली जाते त्या टप्प्याच्या, आधी संघाची माणसं पुढं जाऊन बर्फ कुठं आहे ते बघून येतात, आणि नेव्हिगेटर सुरुवातीच्या रेषेवर पोचायच्या आत त्या खुणा आपल्या वहीत चढवतो, मांडीवर वही ठेवून, हेल्मेटच्या आत श्वास ऐकू येत असताना.