बावीस अक्षरांची कविता

नमस्कार मंडळी.

आपल्या मराठी शाळेत मी ११ ते १३ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. त्यांना कवितेचे वेगवेगळे प्रकार कसे शिकवते, ते सांगायला मला आज उभं केलंय. पहिली दोन वर्षं मी चुकीचं शिकवलं. कविता वाचायची आणि लगेच विचारायचं, “कवीला इथे काय म्हणायचंय?” वर्ग गप्प. मुलं माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत बसायची. निम्मे शब्द अनोळखी असताना कवीच्या मनातलं ओळखा, असं मी त्यांना सांगत होते.

आता अर्थ मागून येतो. आधी बोटं चालतात.

फळ्यावर तुकोबांच्या अभंगाची सुरुवात लिहिते: ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’. घरी कानावरून गेलेला असतो, म्हणून हाच. अक्षरं मोजा म्हटलं की निघतात सहा, सहा, सहा आणि चार. ‘ध्या’ एक धरायचं की दोन, यावर दरवर्षी वाद होतो. जोडाक्षर एकच मोजतात, पण मी लगेच सांगत नाही. तो वाद मला फार आवडतो, कारण तेवढा वेळ मुलं शब्दाकडे अगदी जवळून बघत असतात. मग कुणीतरी ओरडतं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतंय! चौथा चरण आखूड का, हेही मी सांगत नाही. टाळ्यांवर चार-पाच वेळा म्हणून घेते. तिथे थांबायला, श्वास घ्यायला जागा आहे, हे त्यांचं त्यांनाच कळतं.

आणि मग त्यांनी लिहायचं. पानभर मराठी निबंध आमच्या मुलांना झेपत नाही, बावीस अक्षरं झेपतात. सहसा गप्प असणाऱ्या एका मुलाने गेल्या वर्षी वहीत लिहिलं होतं:

आजी फोनवर
रोज बोलायची
चूक काढायची
हसूनिया

‘ठेवोनिया’वरून त्याने ‘हसूनिया’ उचललं होतं. आणि ‘बोलायची’ हा काळ त्याने नेमका वापरला होता. मी काही विचारलं नाही. वर्गातही कुणी अर्थ विचारला नाही.

अभंगानंतर ओवी. तीन चरणांना यमक, चौथा मोकळा, पण अक्षरांचा हिशेब सैल. ज्ञानेश्वरी याच छंदात आहे, सन १२९० ची. पण मुलांना खरा धक्का बसतो तो बहिणाबाई चौधरींचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी टिपून ठेवलं, आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. आमच्या वर्गात निम्म्या मुलांना मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. त्या दिवशी ती मुलं तोंडाने ओव्या रचतात आणि लिहिणारी मुलं त्यांच्यासाठी उतरवून घेतात.

वृत्तांपैकी मी एकच घेते, भुजंगप्रयात. रामदासांचे मनाचे श्लोक त्यातलेच. लघु-गुरु-गुरु, चार वेळा. लघूला चुटकी, गुरूला टाळी. गणांची नावं पाठ करून घ्यायची माझी इच्छा नाही, ताल हाताला लागला की पुरे.

पोवाडा आणि भारूड बाकावर बसून होत नाहीत, म्हणून त्या दिवशी बाकं बाजूला. एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे मुलं नाचून झाल्यावर आपण होऊन सांगतात. रूपक म्हणजे काय, याचा वेगळा तास मला कधी घ्यावा लागला नाही.

हायकू जपानी, मराठीत आणला तो शिरीष पै यांनी. तीन ओळी, एक क्षण. इथे मुलांना सर्वांत कठीण जातं ते गप्प बसणं, ‘किती छान’ असं शेवटी न जोडणं. मी ती विशेषणं खोडत बसते. गझल तेरा वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवते. रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, सगळ्यांना एकच द्यायचा, काफिये, म्हणजे त्याच्या आधीचे यमक जुळणारे शब्द, फळ्यावर मांडायचे, आणि प्रत्येकाने दोन ओळींचा एकेक शेर आणायचा. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो, त्यामुळे वर्गाची मिळून एक गझल होते.

मुक्तछंद मात्र अगदी शेवटी. तो सोपा म्हणून आधी घ्यावा, असं मला अनेकांनी सुचवलं. मला ते पटत नाही. मुक्तछंदाचा मराठीत हिरिरीने पुरस्कार करणारे कवी अनिल छंद-वृत्तांत मुरलेले होते, आणि पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ही त्यांनीच घडवली. मोजायचं कसं हे हाताला कळलं, की ओळ कुठे तोडायची हेही मुलं विचार करून ठरवतात. नाहीतर गद्याचे तुकडे एकाखाली एक येतात.

आता एक विनंती. पुढच्या सत्रात ओवीचे दोन तास आहेत. तुमच्यापैकी कुणाला जात्यावरच्या ओव्या चालीत येत असतील, दोन-तीनच का असेनात, तर वर्गात या. सूर कापरा असला तरी चालेल. मी पुस्तकातून वाचून दाखवते तेव्हा मुलं चाल विचारतात, आणि ती मला येत नाही.