आजीच्या हातात माईक द्या

(इस्रायलमधल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, साइटसाठी थोडं आटोपशीर केलेलं)

नमस्कार मंडळी, शालोम!

मला जास्त वेळ नकोय, एकच विषय आहे. आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांसाठी आम्ही काही जण मिळून ऑनलाइन टॉक शो सुरू करतोय आणि त्यात तुम्ही सगळे हवे आहात.

नेटवर ज्यू असं टाकून बघा, काय येतं ते तुम्हाला माहितीय. युद्ध, द्वेष, भांडणं आणि त्या भांडणांवर आणखी भांडणं. चुकून आपल्याबद्दल काही आलंच तर दरवेळी तेच, नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या, तेलाचे घाणे चालवले, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, संपला व्हिडिओ. अहो, पण त्यानंतर आपली माणसं काय नुसती बसून होती का? डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या नावाचा रस्ता आजही महालक्ष्मीहून वरळीकडे जातो. निस्सीम इझिकेल यांच्या कविता मुलं कॉलेजात शिकतात, सिनेमातले डेव्हिड म्हणजे आपले चेऊलकर. आणि ज्यांची नावं कुठेच छापून आली नाहीत त्या बायका, कोकणातून, मुंबईतून उठून इथल्या दिमोना नि येरुहामसारख्या वाळवंटातल्या गावांत ज्यांनी संसार मांडले, त्यांना तर कोणी काही विचारलंच नाही. मला त्यांना विचारायचंय, आणि त्यांनी मराठीतच सांगावं असं मला मनापासून वाटतं.

पॉझिटिव्ह शो म्हटलं की लोकांना वाटतं गोडगोड गप्पा, गाणी, रेसिपी. रेसिपी असणारच, मलिद्याशिवाय आपलं काय होतं! पण १९६२ मध्ये इथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्नाआधी आपल्या लोकांच्या मागच्या पिढ्या तपासायला सांगितल्या तो विषयही मला घ्यायचाय, कारण १९६४ च्या उन्हाळ्यात आपली साधी कामगार माणसं बायकापोरांसकट जेरुसलेमला धरणं धरून बसली आणि शेवटी क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, म्हणावं लागलं की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. रडकथा म्हणून नको, त्या धरण्यात डबे कोणी पुरवले, घोषणा कोणत्या दिल्या, रात्री झोपायचे कुठे, हे त्या वेळी तिथे असलेल्यांच्या तोंडून हवंय. माझ्या मते पॉझिटिव्ह ते हेच, आपल्यावर काय गुजरलं त्याच्या पुढे जाऊन आपण काय केलं ते सांगायचं.

एक ट्रायल रेकॉर्डिंग केलंय. लोदमधल्या एक आजी मलिदा करत होत्या, पोहे भिजवलेले, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बाजूला फळांचं ताट, आणि नातू हिब्रूत प्रश्न विचारतोय, आजी मराठीत उत्तर देतायत, मधेच हात तसाच पोह्यांत ठेवून एलियाहू हन्नावी, हे एलिया प्रेषिताचं गाणं, म्हणायला लागल्या आणि नातवाने पण सूर धरला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. तेवढा भाग आम्ही अजिबात एडिट केला नाही, मागे पंख्याचा आवाज आहे, असू दे.

विषयांना तोटा नाही. बिर्ड्याचा रोजा, म्हणजे आपला उपास, घरोघरी कसा पाळायचे, मराठीतली आपली कीर्तनं, ज्यात अब्राहम नि मोशेच्या कथा साकी-दिंडी या वृत्तांत यायच्या, १८७४ ची पुण्याची हग्गादा, म्हणजे पेसाखच्या सणाला वाचायची पोथी, जिच्यात लुगडं नेसलेल्या बायका मत्झा, ती बिनखमिराची भाकरी, करताना दाखवल्यात. अलिबाग, रेवदंडा, ठाणे, तिथे आजही सिनेगॉग सांभाळणारी माणसं आहेत, त्यांनाही ऑनलाइन बोलवायचं.

वेळेचं मात्र नीट बघावं लागेल. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ प्रश्नच नाही. शब्बाथ संपल्यावर लाइव्ह जायचं म्हटलं तर उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ-नऊ झालेले असतात, मुंबईत तेव्हा अकरा-साडेअकरा, म्हाताऱ्या माणसांना कसं जागं ठेवणार? म्हणून मंगळवारी संध्याकाळी इथे सहा वाजता ठेवूया असं मला वाटतं, तिथे तेव्हा साडेआठ, हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेनऊ, चालेल.

खरी अडचण सबटायटल्सची आहे. आपल्या नातवंडांना मराठी कळतं पण पूर्ण नाही, त्यामुळे खाली हिब्रू हवं. मशीनला आपली बोली झेपत नाही, कोकणी वळणाची मराठी नि मधेमधे हिब्रू आली की काहीच्या काही लिहितं, मला ते अजिबात चालणार नाही, आजीचं वाक्य आजीचंच राहायला हवं. म्हणजे दोन्ही भाषा येणारं कोणीतरी बसून ऐकून टाइप करायला पाहिजे. चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनो, हे काम तुमचं, दोन्ही बाजू तुम्हालाच येतात.

दाराशी टेबलावर वही ठेवलीय. तुमचं नाव लिहा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचं लिहा, फोन नंबर आणि मूळ गाव सकट, पेण असेल, रोहा असेल, किहीम असेल. पहिलं रेकॉर्डिंग पुढच्याच मंगळवारी आहे आणि नव्वदीच्या पुढच्यांना आपण आधी घेतोय.