बोगद्यातही टिकणारा अर्ज

मित्रांनो, मी फिरत फिरत वेब डेव्हलपमेंट करतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, काम जमतं कसं? थोडक्यात सांगतो. क्लायंट बरेचसे जर्मनीतले. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे सकाळ निवांत मिळते आणि कॉल दुपारनंतर. कोड लिहायला सतत नेटही लागत नाही. लायनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन बनवलं तेच असं, की प्रकल्पाचा अख्खा इतिहास तुमच्या लॅपटॉपवर असतो. कोकण रेल्वेने रोह्यापासून मडगावपर्यंत कमिट करत, म्हणजे बदल लॅपटॉपवरच नोंदवत जायचं, रेंज आली की पुश, म्हणजे ते सर्व्हरवर पाठवायचे.

पण मला बोलायचंय ते ऑफिसच्या वायफायवर बनवलेल्या साइटचं गाडीत काय होतं, याबद्दल.

मुंबईहून जाताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा लागतो, ६.५ किलोमीटरचा. समोरच्या बाकावर एक मुलगी भरतीचा अर्ज भरत होती. पत्ता, दहावी-बारावीचे मार्क, दाखल्याचा नंबर. तिने ‘पुढे’ दाबलं आणि गाडी बोगद्यात शिरली. चक्र गरगरत राहिलं. बाहेर आल्यावर तिने पान रिफ्रेश केलं, तर सगळे रकाने कोरे. काही न बोलता ती पुन्हा पहिल्यापासून नाव टाकायला लागली. मला संताप आला, आणि आठवलं की अजून येतो. कारण हे टाळणं अजिबात अवघड नाही. रकाना भरला की मजकूर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे फोनवरच, ठेवायचा आणि अर्ज पोचल्याची पावती आली की पुसायचा. पुसायचाच, कारण आपल्याकडे एक फोन घरातले सगळे वापरतात.

दुसरी गोष्ट फॉन्टची. मराठी फॉन्ट जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा बराच जड असतो. तो उतरेपर्यंत अनेक ब्राउझर सुमारे ३ सेकंद मजकूर दाखवतच नाहीत. बातमी आलेली असते, पण दिसत नाही! अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो. तो वापरा, निदान साइटच्या कोडमध्ये फॉन्ट-डिस्प्लेला ‘स्वॅप’ तरी लावा, म्हणजे तुमचा फॉन्ट येईपर्यंत मजकूर फोनच्या फॉन्टमध्ये दिसतो. स्वतःची भाषा वाचायला आपल्या माणसांनी जास्त वेळ थांबावं, हे मला पटत नाही.

आणि सर्व्हर कुठे आहे ते बघा. ग्राहक सांगलीचा आणि सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, तर निरोप जाऊन उत्तर परत येण्याच्या एका फेरीतच सुमारे २०० मिलिसेकंद जातात. पानाचं पहिलं अक्षर येण्याआधी अशा निदान तीन फेऱ्या होतात: टीसीपीची (जोडणी करायला), टीएलएसची (ती सुरक्षित करायला), मग खुद्द पानाच्या मागणीची. ॲमेझॉनने मुंबईत २०१६ पासून डेटा सेंटर दिलेली आहेत, तरी मी अजून अशी कामं बघतो.

त्यामुळे हल्ली इथलं काम घेताना करारातच दोन अटी घालतो: नेट गेलं तरी भरलेला अर्ज हरवणार नाही, आणि अंतिम चाचणी स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, चालत्या गाडीत होईल. दुसऱ्या अटीवर क्लायंट घासाघीस करतात. तिकीट माझ्या खर्चाने काढतो, पण अट सोडत नाही.