उंबऱ्याशी अडलेलं पाऊल

(दृश्य: वाई. सकाळ. जुन्या घराचं दार.)

नाना दाराशी उभे आहेत. पुढं अंगण, मग गल्ली, गल्लीच्या टोकाला कृष्णेचा घाट. रोजचीच वाट, पण आज पाऊल उचलत नाही. तळवे फरशीला चिकटल्यासारखे, गुडघे नुसते थरथरताहेत. आतून हाक येते, "अहो, चला की!" तसे पाय आणखीच घट्ट होतात.

(दृश्य: घाट.)

हेच नाना थोड्या वेळानं घाटाच्या पायऱ्या चढताना बघा. एकेक पायरी, न अडखळता. सपाट फरशीवर अडणारा माणूस पायऱ्या चढतो म्हटल्यावर लोक "सोंग करतात" म्हणून मोकळे होतात. नानांना पार्किन्सन आहे, हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा आजार. पण आजारापेक्षा हा शब्द नानांना जास्त लागतो.

पाऊल उचलण्याआधी आपलं अंग किंचित कलतं. भार एका पायावर जातो, दुसरा मोकळा होतो. आपल्याला ते कळतही नाही, इतकं आपोआप घडतं. पार्किन्सनमध्ये डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी घटत जातात आणि हा कल अपुरा पडतो, उशिरा येतो. पाय मोकळाच झाला नाही, तर उचलणार कसा?

पायरी मात्र डोळ्यांना दिसते. पाऊल कुठं टाकायचं ते समोर असतं, लक्ष तिथं लागतं आणि अडलेली हालचाल मेंदूतल्या दुसऱ्या वाटेनं सुरू होते. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये हे मांडलं होतं: जमिनीवर आडव्या पट्ट्या असल्या की अडलेला रुग्ण त्या ओलांडत चालू लागतो. चालण्याच्या दिशेनं उभ्या ओढलेल्या रेषांचा तसा उपयोग होत नाही.

(दृश्य: फरशीवरच्या पट्ट्या.)

सुनेनं आधी रांगोळीच्या रेघा ओढून पाहिल्या. दुपारपर्यंत त्या पुसल्या जायच्या. आता पांढरी चिकटपट्टी आहे, एकेका पावलाच्या अंतरावर.

पण लक्ष फुटलं की पट्टीही कामाला येत नाही. हातात चहाचा कप असला, चालता चालता कुणी "नाना, किल्ली कुठं ठेवलीत?" विचारलं, की पाय थांबले. अरुंद दार, वळण आणि अंधार तर हमखास नडतात. म्हणून रात्री बोळातला दिवा जळत ठेवलेला असतो. प्रश्न विचारायचे ते नाना खुर्चीत टेकल्यावर. एवढ्या बोलक्या घराला हे शिकायला वेळ लागला.

पट्ट्यांनी आजार हटत नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्याच लागतात, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायामही सुटत नाहीत.

(दृश्य: पुन्हा दार.)

"नाना, घाई नको. आधी नीट उभे राहा. जरा डावीकडं भार टाका. आता पट्टी बघा."

घर गप्प आहे. नाना डावीकडं कलतात. नजर पट्टीवर. उजवं पाऊल उचलतं आणि उंबऱ्यापलीकडं पडतं.