कव्हरवरचा आयफेल टॉवर बघून पुस्तक घेऊ नका

नमस्कार मंडळी! आज फ्रान्समध्ये घडणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचंय, कारण मध्यंतरी माझी चांगलीच फसगत झाली. किलोच्या भावाने पुस्तकं विकतात ना, तशा एका प्रदर्शनात गेले होते, काट्यावर जरासं वजन कमी पडत होतं म्हणून शेवटी एक जाडजूड पुस्तक उचललं, कव्हरवर आयफेल टॉवर, लाल सायकल आणि सायकलच्या टोपलीत तो लांबलचक पाव. नायिकेला मावशीची बेकरी वारशात मिळते, ती दर पाच पानांनी क्रॉसाँ खाते, तिला एक उदास चित्रकार भेटतो, आणि अख्ख्या पुस्तकात एकदाही कोणी घरभाडं भरत नाही, कोणाला साधी सर्दी होत नाही. पॅरिस होतं, पण दुकानदार दिवाळीला कॅलेंडर देतात त्यावरचं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, दोन पानं उभ्या उभ्या वाचायची, आणि बघायचं की या माणसांचं पोट कशावर चालतं ते कळतंय का. कळलं तर घ्यायचं. लेखक फ्रेंचच हवा असं काही नाही, उलट माझा सगळ्यात लाडका फ्रान्सवाला तर बेल्जियमचा, जॉर्ज सिमेनाँ. त्याचा इन्स्पेक्टर मेग्रे, एकूण ७५ कादंबऱ्या, आणि बहुतेक सगळ्या इतक्या छोट्या की मुंबई-पुणे प्रवासात एक संपते. हा मेग्रे पॅरिसच्या पोलीस कचेरीत संशयिताला रात्रभर बसवून ठेवतो आणि जवळच्या हॉटेलातून बिअर आणि सँडविच मागवतो, घरी बायको जेवण झाकून ठेवून वाट बघतेय, बास, त्यातच सगळं पॅरिस आलं.

सुरुवातच करायची असेल तर 'यलो डॉग' घ्या, १९३१ची. ही पॅरिसमध्ये नाही, फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर काँकार्नो नावाचं मासेमारीचं बंदर आहे तिथे घडते. नोव्हेंबरची रात्र, सुसाट वारा, एक दारूचा व्यापारी थोडा झोकांड्या खात हॉटेलातून बाहेर पडतो, त्याला सिगार पेटवायचाय पण काडी काही टिकत नाही, म्हणून तो एका रिकाम्या घराच्या दारात आडोशाला शिरतो, दाराकडे तोंड करून वाकतो आणि कोसळतो. दाराला पत्र टाकायची फट असते ना, त्या फटीतून आतून कोणीतरी गोळी झाडलेली. तेवढ्यात कुठूनसा एक पिवळा कुत्रा येऊन उभा राहतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून आमच्या दाराची कडी बघून आले होते, खोटं नाही सांगत.

आता थोडं जड खाणं. एमिल झोला. याचं नाव काढलं की लोक घाबरतात, वीस कादंबऱ्यांची मालिका वगैरे, पण प्रत्येक सुटी वाचता येते, क्रमाची काळजी नको. मी सांगेन 'द बेली ऑफ पॅरिस' घ्या, १८७३ची, पॅरिसच्या जुन्या घाऊक बाजारावर. पहाटे भाजीच्या गाड्या शहराकडे चालल्यात, एका भाजीवालीचा घोडा अचानक थांबतो, समोर रस्त्यात एक माणूस भुकेने पडलाय, आणि ती बाई त्याला उचलून गाजरांच्या ढिगावर घालते आणि बाजारात आणते. नाव फ्लोराँ, काळ्या पाण्यावरून पळून आलेला, आणि येऊन पडला कुठे, तर अन्नाच्या डोंगरात! पुढे एक सीन आहे, तीन बायका चीजच्या दुकानात उभ्या राहून त्याची कुचाळकी करतायत आणि झोला मधेमधे एकेका चीजचा वास सांगत जातो, म्हणजे चुगली कुठे संपते आणि कुजका वास कुठे सुरू होतो तेच कळत नाही. तो काच आणि लोखंडाचा बाजार सत्तरच्या दशकात पाडला, आता तिथे जमिनीखाली मॉल आहे. बाजार बघायचा असेल तर पुस्तकातच.

पण एक सांभाळा. नेटवर फुकट मिळणारे झोलाचे इंग्लिश अनुवाद बऱ्याचदा जुने असतात. लंडनच्या व्हिझटेली नावाच्या प्रकाशकाला झोला छापला म्हणून १८८९मध्ये तीन महिने तुरुंगात जावं लागलं होतं, अश्लील म्हणून, आणि मग त्याच्या मुलाने पुढच्या आवृत्त्यांना बरीच कात्री लावली. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी नवा अनुवाद घ्या, नाहीतर वाचून म्हणाल यात काय एवढं.

खेडं हवं असेल तर मार्सेल पान्योलची 'जाँ द फ्लोरेत'. दक्षिण फ्रान्समधले प्रोव्हान्सचे डोंगर, कोरडवाहू जमीन. शहरातून एक कुबडा माणूस बायको आणि मुलीला घेऊन वारशाच्या शेतावर येतो, पुस्तकं वाचून ससे पाळणार असतो बिचारा, आणि शेजारच्या काका-पुतण्यांनी आधीच त्याचा झरा सिमेंटने बुजवून टाकलाय, कारण पुतण्याला तिथे कार्नेशनची फुलं लावायचीत. गावात कितीतरी लोकांना झरा माहितीये. सगळे गप्प. पाण्यावरून गाव कसं वागतं हे आपल्याला काय समजावून सांगायचं, मला तर मधे दोन दिवस पुस्तक मिटून ठेवावं लागलं. गंमत म्हणजे पान्योलने यातल्या मुलीच्या गोष्टीवर आधी सिनेमा काढला, १९५२मध्ये, आणि कादंबरी नंतर लिहिली.

युद्धावरच्या खूप आहेत, त्यात 'स्वीत फ्राँसेझ' पहिली. इरेन नेमिरोव्स्कीने ती समोर घडत असतानाच लिहिली, बारीक अक्षरात, आणि १९४२मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत तिचा अंत झाला. वही मुलींसोबत सुटकेसमध्ये फिरली, आईची डायरी असेल म्हणून वर्षानुवर्षं कोणी नीट वाचलीच नाही, छापली गेली २००४मध्ये. जर्मन फौजा येतायत म्हणून पॅरिस सोडून पळणाऱ्यांमध्ये एकाला माणसांपेक्षा आपल्या चिनी मातीच्या वस्तूंचीच काळजी, हे असं डोळ्यांनी बघितलेलंच लिहिता येतं.

ज्यूल व्हर्नबद्दल विचाराल, तर भा. रा. भागवतांनी तो मराठीत आणला तेव्हापासून तो आपला घरचाच, पण तो चंद्रावर नेतो, समुद्राच्या तळाशी नेतो, फ्रान्समध्ये काही फारसा थांबत नाही.

आणि हो, ते क्रॉसाँवालं पुस्तक मी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली कपाट आहे, कोणीही न्या कोणीही ठेवा असं, तिथे ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी गायब. अजून परत आलेलं नाही, आणि परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, काय गं, क्रॉसाँ कुठे चांगले मिळतात?