हृदयक्रिया बंद पडल्याने

मंडळी, मे महिन्यात संध्याकाळी सहाला व्याख्यान ठेवणारे संयोजक सोलापुरातच सापडायचे. पंखे फिरतायत, वारा मात्र गरमच लागतोय. आजच्या विषयाला हे बरंच आहे, म्हणून तक्रार करत नाही.

आधी एक कबुली. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री, कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना बघायला, मीही टीव्हीसमोर होतो. नातवाच्या अंगात दहा नंबरचा आकाशी-पांढरा टी-शर्ट. तीन-तीन बरोबरी, मग पेनल्टीवर ४-२. कतारच्या अमीरांनी मेस्सीच्या खांद्यावर तो काळा झगा चढवला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. हे लपवलं तर नातू घरी गेल्यावर जाब विचारेल.

कतारला यजमानपद मिळालं २ डिसेंबर २०१० ला, झुरिकमध्ये. शेवटच्या फेरीत कतारला १४ मतं, अमेरिकेला ८. त्या मतदानात पैसे चालले का, यावर रकानेच्या रकाने भरलेत. तो वाद मी बाजूला ठेवतो. मी जन्मभर कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवले. माझी नजर मेलेल्या माणसाच्या कागदाकडे जाते.

स्पर्धा एरवी जून-जुलैत होते. तिथलं ऊन खेळाडूंना झेपणार नाही म्हणून ती नोव्हेंबर-डिसेंबरात नेली, वर मैदानांना एसी बसवला. पण मैदानं बांधणाऱ्यांचे उन्हाळे कुणी पुढे ढकलले नाहीत. दुपारी काम बंद ठेवायचा नियम होता, नाही असं नाही: १५ जून ते ३१ ऑगस्ट, साडेअकरा ते तीन. २०२१ मध्ये तो वाढवून १ जून ते १५ सप्टेंबर, दहा ते साडेतीन केला. म्हणजे तोवर ऐन जुलैत सकाळी अकराला उघड्यावर काम घेता येत होतं. आपल्याकडे मेमध्ये आठला गच्चीवर घातलेले पापड अकरापर्यंत कडकडीत होतात. तुम्हाला आणखी काय सांगू?

किती माणसं गेली? ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकाने २०२१ मध्ये आकडा दिला: भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका मिळून दहा वर्षांत ६,५००हून जास्त, त्यांत आपले २,७११. आयोजक म्हणाले, मैदानांच्या कामावर कामामुळे फक्त ३, इतर कारणांनी ३७. मग त्यांचेच प्रमुख एका मुलाखतीत ४०० ते ५०० म्हणाले. यात कुणी एकच खोटारडा आहे असं समजू नका. पहिल्या आकड्यात सगळ्या धंद्यांतले, सगळ्या कारणांचे मृत्यू आहेत. दुसऱ्यात फक्त मैदानांवरचे. खरी गोम कारणाच्या रकान्यात आहे. तिथे शेकडो कागदांवर लिहिलंय 'नैसर्गिक', नाहीतर 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. आणि मृत्यू नैसर्गिक म्हटला की भरपाई नाही.

अहो, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते! ती का पडली, ते लिहा ना.

असा एक दावा मी इथेच हरलोय. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यातला माणूस, चाळिशीच्या आतला. वर पत्रा, खाली वाफ, महिना मे. दुपारपाळीत कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. कागदावर तेच तीन शब्द. तेव्हाच्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मृत्यू 'कामामुळे आणि कामावर असताना' आला हे दाखवावं लागायचं. कामावर असताना हे दिसत होतं. कामामुळे हे कशावरून दाखवू? पोस्टमार्टम झालंच नव्हतं. मालकाचा माणूस तासाभरात तिरडीचं सामान घेऊन दारात हजर, आणि घरच्यांना तेव्हा तो देवमाणूस वाटला.

कतारचंही हेच दुखणं. खुद्द कतार सरकारनेच नेमलेल्या डीएलए पायपर या वकिली कंपनीने २०१४ मध्ये सांगितलं होतं, की अचानक आलेल्या मृत्यूंचं शवविच्छेदन करता येईल असा कायदा बदला, हृदयक्रियेच्या मृत्यूंचा अभ्यास करा. कफाला म्हणजे परदेशी कामगाराला मालकाशी बांधून ठेवणारी पद्धत; तिची पकड २०२० मध्ये ढिली झाली, मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली, किमान वेतन हजार रियाल ठरलं. पण ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०२१ मध्ये पाहिलं तेव्हाही कागदांवर शब्द जुनेच होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो म्हणाले, कतारला शहाणपण शिकवणाऱ्या युरोपने आधी स्वतःच्या तीन हजार वर्षांची माफी मागावी. आपल्याकडे पुष्कळांना ते आवडलं. मलाही, दोन मिनिटं. १९३० चा इंग्रजांचा मार्शल लॉ सोसलेल्या आपल्या गावाला साहेबाची फजिती गोडच लागणार. पण त्या भाषणाने नेपाळातल्या कुठल्या बाईच्या हातात काय पडलं?

२०३४ ची स्पर्धा सौदीला गेली, दुसरा उमेदवारच नव्हता. तिथलं ऊन काही वेगळं नाही. आणि २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. तिथेही ठेकेदाराचा ठेकेदार असेल, मे महिनाही असेल. कामावर कोसळलेल्या प्रत्येकाचं पोस्टमार्टम होईल आणि त्याचा अहवाल घरच्यांना मिळेल, हे टेंडरमध्येच लिहिता येतं. एका ओळीचं काम आहे.